अडतीस नंबरचं पाकीट

सिस्टर फिलोमिनांनी श्रेणिक उपाध्यांच्या पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला, काळ्या मार्करने फुली मारली. उपाध्ये कॉटवर उताणे पडून छताकडे बघत होते.

"ही कशाला?" त्यांनी मला विचारलं.

"पिशवी करायची झाली तर ती तिथे करायची. ही खूण आम्ही सगळ्यांनाच करतो. लागेलच असं नाही."

"आणि लागली तर?"

"तीन महिने ठेवायची. मग बंद करतो."

ते उठून बसले. सदऱ्याची बटणं लावताना त्यांची बोटं फार सावकाश चालत होती. "डॉक्टर मॅडम," ते म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली, पहाटेचा अभिषेक माझ्या हातून होतोय. ऑपरेशनचा महिना चुकेल, ते समजतं. पण पोटावर मळ बाळगून मी गाभाऱ्यात पाऊल टाकू शकत नाही. तीन महिने नाही, तीन दिवस नाही."

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. एवढंच बोलले आणि पायात चपला शोधायला लागले.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला होते, कोल्हापूरजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, डॉ. हेरवाडकरांच्या हाताखाली. उपाध्ये शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे, पुजारी. वय चौपन्न. त्यांना गुदाशयाचा कॅन्सर होता. अशा ऑपरेशनमध्ये गाठीचा भाग काढून वरचं आतडं खालच्या तोंडाला जोडतात. ती जोड कमरेच्या हाडांत खोल असते, आणि दहांतल्या एखाद्याची आठवड्याभरात सुटते. सुटली तर मळ पोटात पसरतो, माणूस दगावू शकतो. म्हणून काही सर्जन लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवतात. मळ तिथेच पिशवीत पडतो आणि खालच्या जोडीला भरून यायला उसंत मिळते. पण त्या पिशवीचेही त्रास असतात. ती सगळ्यांना करावी की नाही, हे तेव्हा आमच्याकडे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. हेरवाडकर सर त्याचाच शोध घेत होते.

शंभर पेशंट आणि शंभर बंद पाकिटं. पुण्याच्या एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती तयार करून पाठवली होती. बाहेर नंबराचं लेबल. आत चिठ्ठी, तिच्यावर टाइप केलेलं, 'स्टोमा' किंवा 'नो स्टोमा'. स्टोमा म्हणजे पोटावरचं ते तोंड. पेशंटची संमती आधी घ्यायची, पाकीट मात्र थिएटरमध्ये फोडायचं, जोड पूर्ण झाल्यावर. चिठ्ठीत निघेल तसं करायचं. त्यात सर्जनचं मत चालायचं नाही, पेशंटचंही नाही. पाकिटांच्या कपाटाची किल्ली रजिस्ट्रारकडे, म्हणजे माझ्याकडे असायची.

उपाध्यांना सरांनी माझ्यासमोर समजावलं होतं.

"अभ्यासात यायची सक्ती नाही. नाही आलात तर मी टेबलावर ठरवीन. तुमची गाठ फार खाली आहे, तेव्हा बहुतेक पिशवीच करीन."

"आणि आलो तर?"

"तर निम्मी निम्मी शक्यता."

उपाध्यांनी सही केली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ओपीडी संपल्यावर मी डॉक्टर्स रूममध्ये एकटी होते. उपाध्यांचं, सदतीस नंबरचं पाकीट थिएटरच्या ट्रेमध्ये ठेवायला बाहेर काढलं होतं. समोर एक्स-रे बघायचा प्रकाशाचा डबा चालूच राहिला होता, कुणाची तरी फिल्म काढून घेतली होती आणि बटण बंद केलं नव्हतं. मी पाकीट त्या काचेवर धरलं. कागद जाड होता, पण इतका नव्हता. आत एकच शब्द होता. मग अडतीस काढून धरलं. त्यात दोन शब्द होते.

लेबलं गोंदाची होती. ओला कापूस पाच मिनिटं दाबून धरल्यावर ती सुटली. मी त्यांची अदलाबदल केली, वर रजिस्टर ठेवून दाबली आणि वाळेपर्यंत चहा प्याले. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं. आपण कुणाचं काही घेतलंय असं मनातही आलं नाही. अडतीस नंबरचा पेशंट अजून कुणी नव्हताच. आणि जो कोण येईल त्याला पिशवी मिळेल, म्हणजे उलट जास्त सुरक्षित, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून सिस्टरनी वाचलं, "नो स्टोमा." सर एक क्षण थांबले. जोडीकडे पुन्हा एकदा बघितलं, मग म्हणाले, "ठीक आहे. बंद करू या."

पुढचे सात दिवस मी उपाध्यांच्या कॉटशी दिवसातून सहा-सहा वेळा जात होते. नाडी, ताप, पोट. काही झालं नाही. पाचव्या दिवशी वारा सरला, सहाव्या दिवशी शौचाला झालं. अकराव्या दिवशी ते घरी गेले. त्यांच्या बायकोने जाताना माझ्या हातात गुळाची भेली दिली आणि म्हणाली, "देवानं ऐकलं हो मॅडम." मी भेली घेतली.

अडतीसावा पेशंट अठरा दिवसांनी आला. धोंडूबाई झोरे. गगनबावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात सहा घरांचा धनगरवाडा आहे, तिथली. वय तिला सांगता येत नव्हतं, आम्ही पासष्ट लिहिलं. बारीक, काटक म्हातारी, दोन तास डोंगर उतरून आणि मग एसटीने आली होती. बरोबर सून होती, सगुणा. गाठ तिचीही तशीच, पण उपाध्यांपेक्षा जरा वर.

सरांनी तिलाही सगळं समजावलं. तिने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी काय निगंल ते तुमास्नीबी ठावं न्हाई?"

"नाही, मलाही नाही."

"मग बरं हाय," म्हातारी म्हणाली आणि अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

ऑपरेशन नीट झालं. बाईचं कमरेचं हाड रुंद, जागा मोकळी, जोड बसली ती बघत राहावी अशी. सरांनी पोटात पाणी भरलं, खालून हवा सोडली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसं आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

"पाकीट," सर म्हणाले.

सिस्टरनी फोडलं. "स्टोमा."

सर हात तसेच धरून उभे राहिले. "छान जोड आहे," ते म्हणाले. "हिला माझ्या मनाने मी पिशवी केली नसती. शेतातली, डोंगरातली बाई. कशाला हवी?" मग माझ्याकडे वळले. मी समोरच्या बाजूला, पोटाची कड ओढून धरायचा रिट्रॅक्टर धरून उभी होते. "बघ गुळवणी, अभ्यास म्हणजे हेच. मला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं. नाहीतर मी जन्मभर मला वाटतंय तेच खरं मानून मरणार."

तेव्हा बोलता आलं असतं. पोट उघडं होतं, आतडं अजून आतच होतं. थिएटरमध्ये पाच माणसं होती. मी रिट्रॅक्टर जरा घट्ट धरला, कारण सर म्हणाले, "थोडं खेच." त्यांनी लहान आतड्याचा वेढा उचलला आणि सिस्टरनी केलेल्या फुलीवर सुरी ठेवली.

पिशवी कशी बदलायची हे सिस्टर फिलोमिनांनी धोंडूबाईला आणि सगुणाला चार दिवस शिकवलं. म्हातारी पटकन शिकली. सिस्टरनी तिला तीनतीनदा बजावलं, "यातून पाणी फार जातं, आजी. दिवसाला दहा-बारा तांबे प्यायचं. मीठ-साखर घालून. तहान नसली तरी." म्हातारी मान डोलवायची.

एकदा राउंडला मी एकटीच होते तेव्हा तिने मला विचारलं, "डॉक्टरीनबाई, ह्ये माज्या वाट्याला कसं आलं?"

"चिठ्ठीत निघालं, आजी."

"आसं," ती म्हणाली. आणि पदर पिशवीवर नीट ओढून घेतला.

बाराव्या दिवशी ती घरी गेली. महिन्याने तपासणी होती. त्या दिवशी ती आली नाही. मी गगनबावड्याच्या आरोग्य केंद्राला फोन केला. तिथला कंपाउंडर म्हणाला, धनगरवाड्याचं कुणी बाजाराला उतरलं तर निरोप देतो. एप्रिल संपत आला होता.

त्यानंतर चार दिवसांनी सगुणा आली. एकटीच. ओपीडीच्या दाराशी उभी होती, काखेत कापडी पिशवी. मला वाटलं, म्हातारी बाहेर बसली असेल.

"आजी कुठे आहेत?"

"आत्ती गेली," सगुणा म्हणाली. "धा दिस झालं."

मी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली, फरशीवर. तिने सांगितलं ते मी कागदावर उतरवून घेत होते, कारण फॉर्ममध्ये ते लागतं. झरा घरापासून खाली, दोन हंडे आणायला तास जातो. उन्हाळ्यात तो बारीक होतो. म्हातारीला वाटायचं, पाणी प्यालं की पिशवी भरते, पिशवी भरली की ती सारखी रिकामी करायला पुन्हा पाणी लागतं, सुनेचे हाल होतात. तिने पाणी कमी केलं. मग जवळजवळ बंदच केलं. सुनेला सांगितलं नाही. डोळे खोल गेले, लघवी होईना, गुंगी यायला लागली. झोळीत घालून खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

"जोड सुटली होती का?" मी विचारलं. हे मी खरंच विचारलं. "पोट दुखत होतं? फुगलं होतं?"

"न्हाई. पोटाचं तिचं झ्याक हुतं."

मग तिने कापडी पिशवी उघडली. आत आम्ही दिलेल्या पिशव्यांपैकी उरलेल्या सात होत्या, प्लास्टिकमधून न काढलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. "आत्तीनं सांगितलं हुतं, उरल्या तर परत द्या. दुसऱ्या कुनाला हुतील."

मी त्या मोजून सिस्टरकडे दिल्या. फॉर्म भरला. नंबर अडतीस. मृत्यू, शस्त्रक्रियेनंतर छत्तिसावा दिवस. कारण, शरीरातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडं निकामी. मग कॅन्टीनमध्ये गेले आणि उप्पीट खाल्लं. मीठ थोडं जास्त झालं होतं. ते मला कळलं, याचंच नवल वाटलं. मी सगळी बशी संपवली. संध्याकाळी दोन हर्निया होते, त्यातला एक मी केला. टाके चांगले आले.

असे नऊ दिवस गेले. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी रडले नाही. झोप येत होती. हात धुताना कोपरापर्यंत पाणी घ्यायचं आणि किती वेळ झाला ते विसरायचं, एवढं व्हायचं. सिस्टर फिलोमिना नळ बंद करून टॉवेल पुढे करायच्या.

दहाव्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. ते स्लाइड्सचे गठ्ठे लावत होते. पुढच्या महिन्यात परिषदेत ते पहिल्या चाळीस पेशंटचे आकडे मांडणार होते.

"सर, मी सदतीस आणि अडतीसची लेबलं बदलली होती."

"कसली लेबलं?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, काचेवर पाकीट धरलं तिथपासून. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं झाल्यावर उठले, माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि कपाटातून हाताला लागलं ते पाकीट काढून स्वतःच्या खोलीतल्या एक्स-रेच्या काचेवर धरलं. बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय," ते म्हणाले.

"हो सर."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसत होतं." पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं. "तू एकदा बघितलंस. तुझ्या आधीच्या रजिस्ट्रारने किती वेळा बघितलं असेल? त्याच्या आधीच्याने?"

"मला माहीत नाही, सर."

"मलाही नाही. आता कुणालाच कळणार नाही." ते खुर्चीत बसले. स्लाइड्स हळूच एकीकडे सारल्या. "अडीच वर्षं. एवढ्या लोकांच्या पोटावर आपण खुणा केल्या." मग म्हणाले, "मी त्या दिवशी टेबलावर बोललो होतो. हिला माझ्या मनाने केली नसती म्हणून."

"हो सर."

"तू समोर होतीस."

"हो."

"मग?"

खोटं बोलायचं म्हणूनही काही सुचलं नाही. ते रागावतील याची मी वाट बघत होते, पण ते रागावले नाहीत. मान खाली घालून कोरा कागद ओढला आणि हॉस्पिटलच्या नीतिसमितीला पत्र लिहायला घेतलं. अभ्यास बंद करत असल्याचं पत्र. माझं नाव त्यात दुसऱ्या परिच्छेदात होतं, पहिल्यात त्यांचं स्वतःचं, पाकिटं तपासून न घेतल्याबद्दल.

समितीपुढे मी दोनदा उभी राहिले. माझी परीक्षा एक वर्ष पुढे गेली. काहीजण म्हणाले, थोडक्यात सुटली. काहीजण म्हणाले, पोरगी चांगल्या मनाची, उगाच कबूल करून बसली. उपाध्यांना सांगायचं की नाही यावर समितीत वाद झाला आणि शेवटी सांगू नये असं ठरलं. ते पाच वर्षं न चुकता तपासणीला येत राहिले. दरवेळी गूळ आणायचे. मी घ्यायची.

धोंडूबाईच्या घरच्यांना पत्र पाठवावं, असा समितीचा ठराव होता. सर म्हणाले, "त्या घरात कोण वाचणार आहे? आपण जाऊ. बोलायचं तू."

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, चढावर चार-पाच वेळा बसले. धनगरवाड्यावर पोहोचलो तेव्हा सगुणा गोठ्यासमोर शेणी थापत होती. तिने हात धुतले, आमच्यासाठी घोंगडं अंथरलं. नवरा म्हशी घेऊन पलीकडच्या कड्याला गेला होता. दारातून आत चूल दिसत होती, आणि चुलीच्या मागे भिंतीला लावून ठेवलेली म्हातारीची काठी.

मी सगळं सांगितलं. सोपं करून सांगायला हवं होतं, पण ते सोपंच होतं. दोन पाकिटं होती, मी एकाचं नाव दुसऱ्याला लावलं.

सगुणाने समोर बघत ऐकलं. मग एकेक विचारलं.

"म्हंजी आत्तीच्या चिठ्ठीत पिशवी नव्हती?"

"नव्हती."

"ती त्या पुजाऱ्याची हुती?"

"हो."

"आनि त्यो बरा हाय?"

"हो. बरे आहेत."

ती अंगठ्याने नखातलं शेण काढत होती.

"हितल्या बायका आत्तीला म्हनायच्या," ती म्हणाली, "म्हातारे, ह्ये कसलं लचांड लावून घेतलंस पोटाला? डॉक्टरला न्हाई म्हनायचं हुतंस. तर आत्ती म्हनायची, त्यात डॉक्टरचं काय न्हाई गं. त्यो बिचाराबी माज्यावानीच वाट बघत हुता. कौल लागला, लागला तसा घ्यायाचा. तितं कुनाच्या मनाचं चालत न्हाई." ती माझ्याकडे वळली. "लई बरं वाटायचं तिला त्येचं. एकदाबी कुरकुर केली न्हाई."

सर खाली बघत होते.

"म्हंजी कौल तुमी लावला म्हना," सगुणा म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली, एखादा हिशोबी माणूस आकडा जुळल्यावर हलवतो तशी नव्हे, नुसतीच. मग उठली, गोठ्यातलं लहान रेडकू सोडलं आणि त्याला पुढे घालून झऱ्याच्या वाटेने निघाली. हंडा तिने डोक्यावर घेतला होता, दुसरा काखेत. तिने आम्हाला जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. ती वळणाआड दिसेनाशी झाल्यावर बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "चल." मी घोंगड्याची घडी घालून दाराशी ठेवली.